खिडकीची कडी

नागपूरच्या माणसाने समुद्राविषयी लिहिणे हे थोडे धाडसाचेच. ज्या शहरात शून्य मैलाचा स्तंभ उभा आहे, त्या शहराला कोणत्याच बाजूचा समुद्र जवळ नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा. आणि खिडकीचा प्रश्न म्हणजे मार्चअखेरीस कूलर कोणत्या खिडकीला लावायचा, एवढाच. तरीही मागील हिवाळ्यात प्रतापनगरातील आमच्या बैठकीच्या खोलीत तीन संध्याकाळी एकाच प्रश्नाचा खल चालला होता : क्रूझच्या जहाजावर खोलीला जी गोल खिडकी असते, ती उघडता येते का?

प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो. माझ्या पत्नीलाही तो तसाच वाटला. "अहो, उघडली काय नि न उघडली काय, दोन रात्रींचा तर प्रवास," असे म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. परंतु ज्या कुटुंबाने तो विचारला, त्यांच्यापुरता हा प्रश्न जायचे की नाही, एवढा मोठा होता.

हे कुटुंब आमच्याच गल्लीतले. इतवारीत धान्याचा ठोक व्यापार, दोन मुले दुकानात, सुना-नातवंडांनी भरलेले घर. घरातील कर्त्या पुरुषाला मी दादा म्हणत असे. त्यांचा एक जुना हट्ट होता. समुद्र काठावरून पुष्कळदा पाहिला, आता एकदा रात्रभर समुद्रातच राहून पाहायचा, असे ते म्हणत. सीझन आटोपला की जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असे व्यापाऱ्याच्या घरी जसे होते तसे होत गेले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा आणि वहिनी दोघेही एकाच रुग्णालयात दाखल झाले. वहिनी अठरा दिवसांनी घरी आल्या. दादा आले नाहीत.

तेव्हापासून वहिनींना बंद खिडकीच्या खोलीत झोप येत नाही. नागपूरच्या मे महिन्यातही त्यांच्या खोलीचा एसी बंद आणि खिडकी उघडी असते. मुलांनी समजावून पाहिले, डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या. धाकट्याने जेव्हा बाबांची इच्छा म्हणून मुंबई-गोवा-मुंबई अशा दोन रात्रींच्या क्रूझचा बेत मांडला, तेव्हा वहिनींनी एकच अट घातली. "खोलीची खिडकी उघडत असेल तरच मी येईन." धाकट्याने एजंटला फोन केला, एजंट म्हणाला, "हो, हो, विंडो आहे, समुद्र दिसतो," आणि धाकट्याने घरी येऊन सांगितले की खिडकी उघडते. तीन खोल्यांचे पैसे भरले गेले. पूर्ण परतावा मिळण्याची मुदत संपायला चार दिवस उरले असताना त्याला शंका आली, आणि कागदांची फाईल घेऊन तो माझ्याकडे आला.

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडे लोक कागद घेऊन येतात, त्याची मला सवय आहे. फाईल उघडली. खोलीचा प्रकार म्हणून 'ओशन व्ह्यू' असे छापले होते. व्ह्यू म्हणजे दृश्य. दृश्य देण्याचे वचन कागदात होते, हवा देण्याचे कोठेही नव्हते. एजंट खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही, आणि ते आपल्याला मिळाले आहे असे धाकट्याने समजून घेतले. कर्जाच्या कागदांवरही नेमके असेच घडते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देतो. उघडत नाही. आजच्या मोठ्या प्रवासी जहाजांवर खोलीची खिडकी, मग ती गोल असो वा चौकोनी, पोलादी चौकटीत कायमची बसवलेली जाड काच असते. तिला कडी नसते, बिजागरी नसते. बाहेरची हवा हवी असेल तर बाल्कनीची खोली घ्यावी, नाहीतर वर डेकवर जावे.

असे का, हे नागपूरकराला चटकन समजावे. कूलर आणि एसी यांत जो भेद आहे तोच येथे आहे. कूलर लावला की समोरची एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. एसी लावला की फट राहिलेली चालत नाही. जुनी बोट कूलरसारखी होती, आजचे जहाज एसीसारखे आहे. शेकडो खोल्यांना एकाच मध्यवर्ती यंत्रणेतून मापून हवा दिलेली असते. एका खोलीची खिडकी उघडी राहिली तर समुद्रावरची खारट, ओलसर हवा आत शिरते, गार भिंतींवर पाणी सुटते आणि शेजारच्या खोल्यांचा हिशेबही बिघडतो. अनेक जहाजांवर बाल्कनीचे दार उघडताच त्या खोलीचा एसी आपोआप बंद पडतो, तो याच कारणाने.

परंतु हे कारण दुय्यम आहे. एसी नसता तरी खालच्या मजल्यावरची खिडकी उघडू दिली नसती, आणि ते कारण इतिहासात आहे.

या खिडकीला इंग्रजीत पोर्टहोल म्हणतात. यातील 'पोर्ट'चा बंदराशी संबंध नाही. तो दारासाठी असलेल्या फ्रेंच शब्दातून आला. लढाऊ जहाजांच्या कुशीत तोफांची तोंडे बाहेर काढण्यासाठी झडपांची भोके पाडत, ती मूळची पोर्ट. स्वीडनच्या राजाने बांधवलेले 'वासा' हे ६४ तोफांचे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीवर निघाले. वाऱ्याच्या झोताने ते कलले, खालच्या रांगेच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरले, आणि दीड किलोमीटरही न जाता किनाऱ्यावर जमलेल्या लोकांदेखत ते बुडाले. पुढे तोफा गेल्या आणि माणसांसाठी काचेच्या खिडक्या आल्या. त्या गोल ठेवल्या, कारण पोलादी पत्र्यात चौकोनी भोक पाडले की ताण कोपऱ्यांत एकवटतो आणि चीर तेथून सुरू होते. आपल्या भाषेत खिडकीला गवाक्ष म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. इंग्रजही लहान गोल खिडकीला बैलाचा डोळा म्हणतो. दोन्हीकडे गोठ्यातलीच उपमा सुचावी याची मला मौज वाटते.

जुन्या बोटींच्या या खिडक्या उघडत असत, हे मात्र खरे. उघडणे भागच होते. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले, १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले. समुद्र ओलांडल्याबद्दल दोघांनाही ज्ञातीचा रोष सोसावा लागला, ही हकीकत वाचकांना ठाऊक आहेच. त्या काळी तांबड्या समुद्राच्या उकाड्यात खोलीतील माणसाला वाऱ्याचा आधार त्या गोल खिडकीचाच. वारा पकडण्यासाठी खिडकीतून पत्र्याचे अर्धगोल पन्हाळे बाहेर काढून ठेवत. पुढे नळातून हवा खेळवण्याची यंत्रे आली. खोलीत हवा सोडणारी जी फिरती गोल तोटी असते, तिला जहाजी भाषेत आजही 'पंखा लूव्हर' म्हणतात. पंखा हा आपलाच शब्द, तो बोटीवर चढला तो उतरलाच नाही.

मी स्वतः नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, मुंबईस असताना, एकदा बोटीने पणजीस गेलो होतो. डेकचे तिकीट, सतरंजी आणि डोक्याखाली पिशवी. खिडकीचा प्रश्नच नव्हता. सारी बोटच खिडकी होती. पहाटे अंगावर दव पडले आणि तीन दिवस सर्दीने बेजार झालो, एवढेच स्मरते.

उघड्या खिडकीची किंमत जगाला अडीच वर्षांत दोनदा मोजावी लागली. २९ मे १९१४ च्या पहाटे दोनच्या सुमारास कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे धुके दाटले होते. 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या प्रवासी जहाजाला कोळसा वाहणाऱ्या 'स्टोरस्टॅड' या नॉर्वेच्या जहाजाने कुशीत धडक दिली. जहाज एका अंगावर कलले. प्रवासी झोपलेले होते आणि अनेकांनी हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. पाण्यापासून काही फुटांवर असलेल्या त्या खिडक्या कललेल्या अंगाला पाण्याखाली गेल्या. अवघ्या चौदा मिनिटांत जहाज बुडाले, एक हजारांहून अधिक माणसे गेली. दोन वर्षांपूर्वी टायटॅनिकला बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

आकडेमोडीची खोड जात नाही, म्हणून थोडे गणित मांडतो. जहाज तीस मीटर रुंद धरा. ते दहा अंशांनी कलले तर एका बाजूची कूस सुमारे अडीच मीटर खाली जाते. म्हणजे पाण्यापासून पुरुषभर उंच असलेली खिडकीही पाण्यात. ती एक फूट व्यासाची आहे आणि पाण्याखाली एक मीटर गेली आहे असे समजा. तर त्या एका भोकातून मिनिटाला दहा हजार लिटरच्या वर पाणी आत येते. उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत जो मोठा टँकर येतो, तो एकेका खिडकीतून दर मिनिटाला रिकामा होत आहे असे डोळ्यांसमोर आणावे. पाणी जितके आत, तितके जहाज आणखी कलणार, आणि वरची रांग पाण्याखाली जाणार. हे चक्रवाढ व्याज आहे. आणि चक्रवाढ व्याजापुढे कोणाचे चालत नाही, हे या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे.

दुसरी घटना टायटॅनिकच्याच धाकट्या भगिनी जहाजाची. 'ब्रिटानिक' हे टायटॅनिकपेक्षा मोठे आणि टायटॅनिकचा धडा घेऊन अधिक मजबूत केलेले जहाज. पहिल्या महायुद्धात त्याचे रुग्णालय-जहाज केले होते. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रीसच्या केआ बेटाजवळ ते सुरुंगावर आदळले. एवढ्या आघाताने ते इतक्या लवकर बुडायला नको होते. परंतु त्या सकाळी परिचारिकांनी, पुढच्या बंदरात घ्यायच्या जखमी सैनिकांसाठी वॉर्ड हवेशीर व्हावेत म्हणून, खालच्या मजल्यांवरील खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. जहाज कलताच पाणी त्यांतून शिरू लागले. पंचावन्न मिनिटांत सारे आटोपले. सुदैवाने जखमी अजून चढले नव्हते. हजारांवर माणसे वाचली आणि तीस दगावली.

टायटॅनिकनंतर, १९१४ साली लंडनमध्ये, समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. 'सोलास' या नावाने तो ओळखला जातो, आणि आज १९७४ चे त्याचे सुधारित रूप चालते. प्रवासी जहाजाच्या कुशीतील खिडक्यांसाठी त्यात स्वतंत्र नियम आहेत. पाण्याच्या रेषेपासून ठराविक उंचीच्या खालची खिडकी मुळीच न उघडणारी हवी. तिच्या वरच्या पट्ट्यात उघडणारी ठेवलीच, तर कप्तानाच्या संमतीवाचून कोणालाही ती उघडता येऊ नये अशी तिची बनावट हवी. खालच्या खिडक्यांना आतून लोखंडी झाकणही हवे. वादळात ते काचेवर पाडून आवळतात. त्याला 'डेडलाइट' म्हणतात. नाव अशुभ आहे, पण काम जीव वाचवण्याचे करते. नव्या जहाजबांधणीत एसी आल्यावर कोणी किल्ल्या-संमतीच्या फंदातच पडले नाही. खिडकी कायमची बंद केली आणि ज्याला हवा हवी त्याला वरच्या मजल्यांवर बाल्कनी दिली. १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजावर सगळ्या प्रवासी खोल्या समुद्राच्या बाजूला होत्या आणि त्यांतील पुष्कळ खोल्यांना बाल्कनी होती. तेव्हा ते नवल होते, आता नव्या जहाजांवर तोच रिवाज आहे. लहान शिडाची जहाजे, नदीतील प्रवासी बोटी यांवर उघडणारी खिडकी अजून भेटते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या जुन्या लाँचला तर भिंतीच नसतात.

धाकट्याने ज्या जहाजाचे पैसे भरले होते, ते 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस'. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज आधी 'नॉर्डिक एम्प्रेस' व मग 'एम्प्रेस ऑफ द सीज' या नावांनी परदेशात चालले आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे सफरी करू लागले. एम्प्रेस हे नाव नागपूरला नवे नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथेच सुरू झाली आणि गावातल्या किती घरांच्या चुली तिच्या भोंग्यावर पेटत असत. वरील बुडालेल्या जहाजाशी या जहाजाचा नावापलीकडे संबंध नाही. कोणी घाबरू नये. जैन भोजनाची सोय आहे म्हणून आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या सफरीवर जातात. मात्र हे जहाज जुन्या घडणीचे असल्याने बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि महाग.

हे सर्व मी धाकट्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काका, आईला आत्ताच सांगू नका. एकदा बोटीत बसली की समुद्र पाहून विसरेल. नाहीतर ती येणारच नाही, आणि बाबांची इच्छा राहून जाईल."

मी एक रात्र गप्प बसलो, हे येथे मान्य करतो. त्याचा हेतू वाईट नव्हता. मुलगा आईला फसवत नव्हता, नेत होता. परंतु मला रात्री एक जुना जामीनदार आठवत राहिला. पुतण्याच्या कर्जाला त्यांनी सही केली होती. 'नुसती ओळखीची सही आहे' असे त्यांना घरच्यांनी सांगितले होते, आणि मी त्या टेबलावर असूनही, वेळ नव्हता म्हणून, त्यांना वाचून दाखवले नव्हते. पुढे वसुलीची नोटीस घेऊन ते माझ्यासमोर बसले, तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हाला माहीत होतं." जहाज धक्क्यावरून सुटल्यानंतर रात्री अकरा वाजता वहिनी त्या काचेवर हात फिरवून कडी शोधत आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तेथून परत फिरणे नाही. रुग्णालयातही तेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शनाहून परतताना वहिनी फाटकाशी भेटल्या. मी त्यांना घरात बोलावले, पत्नीलाही बसवले आणि सारे सांगितले. वासा, आयर्लंडचे जहाज, परिचारिका, टँकरचा हिशेब, काहीही गाळले नाही. दुकानदारिणीचे कान आहेत, त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "त्या नर्सबायांनी चांगल्यासाठीच उघडल्या होत्या ना खिडक्या?"

"हो," मी म्हणालो.

मग त्या थोडा वेळ पदराच्या काठाशी खेळत बसल्या. नंतर जे बोलल्या ते पाच वर्षांत त्यांनी घरीही कोणाला सांगितले नव्हते, असे मागाहून कळले. "भाऊजी, त्या खोलीत हवा कमी नव्हती. ऑक्सिजन होता, एसी होता. पण खिडकीला कडीच नव्हती. हे पलीकडच्या वॉर्डात होते. मला वाटायचं, खिडकी उघडून एक हाक मारली तर ऐकू जाईल. मी रोज रात्री कडी शोधायची."

माझी पत्नी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मला काही सुचले नाही. मी बाल्कनीच्या खोलीचे दर सांगू लागलो. पुरुषांचे असेच होते.

दर ऐकून वहिनींचा चेहरा लगेच इतवारीचा झाला. बाल्कनीलाही मर्यादा आहेत, हे मी त्यांना स्पष्ट केले : वारा फार असला तर दार बंद ठेवण्याची सूचना येते आणि ती पाळावी लागते, दार उघडे ठेवून झोपू नये, असेच जहाजावर सांगतात, एसी बंद पडेल तो वेगळा. त्या म्हणाल्या, "बंद असलं तरी चालेल. कडी माझ्या हाताशी असेल ना?"

असेल, असे मी म्हणालो.

फरकाची रक्कम मुलांकडून घेणार नाही, हा त्यांचा निश्चय. त्यांच्या नावावर एक मुदत ठेव होती, मार्चमध्ये पूर्ण होणारी. ती मोडा, असे त्यांनी सांगितले. येथे मात्र मी अडून बसलो. दोन महिन्यांसाठी ठेव मोडून वर्षभराच्या व्याजाचा दर कशाला घालवायचा? ठेवीवर कर्ज घ्यावे. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच अधिक असतो, तोही घेतलेल्या रकमेवर आणि घेतलेल्या दिवसांपुरता. कागदावर हिशेब मांडून दाखवला. व्याजाचा जो बोजा निघाला तो पाहून त्या म्हणाल्या की एवढ्यात तर मुंबईच्या स्टेशनवरून धक्क्यापर्यंत टॅक्सीही येत नाही. त्याच दिवशी धाकट्याने एक खोली बदलून घेतली. त्याला आईने काय सांगितले ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी तो आला, फाईल परत घेतली आणि नमस्कार करून गेला. नेहमी जय जिनेंद्र म्हणून फाटकावरूनच वळतो.

कोणी वाचक या सफरीचा विचार करीत असतील, तर एजंटला 'खिडकी आहे का' असे विचारू नये. खिडकी असतेच. 'बाल्कनी' हा शब्द कागदावर छापून मागावा, खोली कितव्या मजल्यावर आहे ते विचारावे, आणि समोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हेही. कारण दृश्य म्हणून होडीचा बुडखा पाहत बसलेली माणसे आहेत. घरात चौविहार पाळणारे कोणी असेल तर जेवणाची वेळही लेखी घ्यावी. जानेवारीत मुंबईच्या समुद्रावर सूर्य सव्वासहाच्या पुढे-मागे मावळतो आणि जहाजावरची गर्दी जेवायला बसते ती त्यानंतर.

जानेवारीत मंडळी जाऊन आली. वहिनी चिक्कीचा डबा घेऊन आल्या, तेव्हा मी विचारले. पहिल्या रात्री वारा होता, दार बंदच होते. दोनच्या सुमारास त्यांना जाग आली, अंधारात चाचपडत गेल्या, दाराची मूठ फिरवून पाहिली. फिरली. पुन्हा लावली आणि पाचपर्यंत झोपल्या. पाचला नातीला उठवून दोघी बाहेर बसल्या. गोव्याचे दिवे दिसू लागले होते. सून सांगत होती की पुढच्या रात्री तर त्यांनी एसीच वाढवायला लावला.

मार्चमध्ये ठेव पूर्ण झाली. कर्ज वळते करून उरलेली रक्कम पुन्हा ठेवायची होती, म्हणून त्या कागद भरायला माझ्याकडे आल्या. व्याजाचा चांगला दर वर्षाला होता, तसे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "नको, नऊ महिनेच करा."

मी बोटांवर मोजले. डिसेंबर येत होता.

"डिसेंबरात काय आहे, वहिनी?"

"लक्षद्वीप," त्या म्हणाल्या. "धाकट्याला अजून सांगितलं नाही."